पाकिटावरचा १.६७

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, प्रकाश किती वाकतो हे सांगणारा स्नेलचा नियम पाठ आहे, गणितंही सुटतात, पण काचेत किंवा पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो तरी का?" तेवढ्यात तुझी मेसची वेळ झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. आज दुपारी दुकानात गर्दी नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपलं चष्म्याचं दुकान आणि घर या वाकण्यावरच चालतं, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर तुला माझ्याकडून मिळावं असं मला फार वाटतं.

वाकणं जरा बाजूला ठेव, आधी वेग धर. हवेत प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो. पाण्यात सव्वादोन लाख, साध्या काचेत २ लाख आणि हिऱ्यात सव्वा लाखाच्याही किंचित आत. अपवर्तनांक म्हणजे एवढाच हिशेब: त्या पदार्थातल्यापेक्षा हवेत प्रकाश किती पट वेगाने जातो. आपल्या दुकानात लेन्सच्या पाकिटांवर १.५०, १.५६, १.६७ असे आकडे असतात ना? गिऱ्हाइकाला आपण ‘ही पातळ काच, ही जाड’ असं सांगतो, पण मुळात तो आकडा वेगाचा आहे. हवेतल्या वेगाला १.६७ ने भाग, त्या लेन्समधला वेग येतो: सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर.

आता वाकणं. मामाची बैलगाडी डांबरी रस्त्यावरून तिरकी चिखलात उतरते आहे असं समज. उजवं चाक आधी चिखलात गेलं. ते मंदावलं, डावं मात्र अजून रस्त्यावर जोरात चाललंय. दोन्ही एकाच आसाला बांधलेली, त्यामुळे गाडी उजवीकडे वळणारच. प्रकाशाच्या लाटेचंही तसंच होतं. तिरकी आलेली लाट एका कडेने आधी काचेत शिरते, तेवढी कड मागे पडते आणि अख्ख्या लाटेचं तोंड फिरतं. पलीकडच्या बाजूला उजवं चाकच आधी रस्त्याला लागतं, ते पुन्हा वेग घेतं आणि गाडी मूळ दिशेला सरळ होते. काचेच्या चिपेला टाचण्या लावून केलेल्या प्रयोगात आत येणारा आणि बाहेर पडणारा किरण समांतर निघतात, त्याचं कारण हेच.

आणि दोन्ही चाकं एकदम चिखलात गेली तर? गाडी मंदावेल, पण वळणार नाही. काचेवर काटकोनात पडलेला किरण वाकत नाही, हे तू वाचलंयस. पण तोही काचेत तितकाच मंदावलेला असतो, हे वाचताना निसटतं. माझ्या मते या धड्याचं मर्म इथेच आहे. मंदावणं नेहमीच होतं, वाकणं फक्त तिरकं शिरलं तर.

मग मंदावतो का, हे तू विचारशीलच. प्रकाश अणूंना थडकत, थांबत थांबत जातो असं मात्र समजू नकोस. प्रकाशाची लाट काचेतल्या इलेक्ट्रॉन्सना हलवते, ते हलले की त्यांच्या स्वतःच्या लहान लाटा निघतात आणि मूळ लाटेत मिसळतात. त्या बेरजेतून जी लाट तयार होते, तिची शिखरं मागे मागे पडत जातात. याहून खोल तुझे सर सांगतील.

हे सरळ वाटतं, पण माणसांना पटायला फार काळ लागला. न्यूटनचं म्हणणं नेमकं उलट होतं. प्रकाश म्हणजे बारीक कण, पाणी त्यांना आत ओढून घेतं, म्हणून पाण्यात प्रकाशाचा वेग वाढतो. वाकण्याची दिशा दोन्ही हिशेबांनी बरोबरच येते! म्हणजे नुसतं वाकणं पाहून निकाल लागणार नव्हता, वेगच मोजायला हवा होता. ते जमलं १८५० साली, पॅरिसमध्ये. फ्रेंच शास्त्रज्ञ फुको यांनी गरगर फिरणारा आरसा वापरून दाखवून दिलं की हवेपेक्षा पाण्यात प्रकाश सावकाश जातो. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण वाद नुसत्या युक्तिवादाने मिटला नाही, मोजमापाने मिटला.

आता आपल्या काउंटरवर ये. लेन्सोमीटर, म्हणजे नंबर मोजायचं यंत्र, न लावता नंबर मायनस की प्लस हे ओळखायची जुनी रीत तू पाहिली आहेस. लेन्स डोळ्यासमोर धरून समोरच्या दाराच्या चौकटीकडे बघायचं आणि लेन्स हळू हलवायची. चौकट लेन्सबरोबर त्याच बाजूला सरकली तर मायनस, उलट सरकली तर प्लस. मायनसची काच कडेला जाड, मध्ये पातळ असते आणि किरण नेहमी जाड बाजूकडे झुकतो. सिलिंडरची, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा नंबर असलेली, लेन्स असेल तर ती फिरवताना चौकटीच्या रेषा कात्रीसारख्या उघडतात-मिटतात. पुढच्या सुट्टीत स्वतः करून बघ.

विहिरीत बुडी मारल्यावर धूसर का दिसतं, तेही यातच येतं. डोळ्यात शिरणारा प्रकाश मुख्यतः बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर वाकतो. त्याचा अपवर्तनांक १.३७६ आणि पाण्याचा १.३३. वेगात फरक जवळजवळ उरतच नाही, मग पुरेसं वाकणार कसं? पोहण्याच्या गॉगलने डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि सगळं स्पष्ट दिसतं.

तुझा नवा चष्मा उद्याच्या एसटीने पाठवते. पाच नंबरला १.६७ घेतली, कडा बऱ्याच बारीक झाल्या. पण अशा काचेत वेगवेगळ्या रंगांचे वेगही जास्त वेगळे असतात, त्यामुळे मान न वळवता कडेने पाहिलंस तर ट्यूबलाइटला निळी-पिवळी किनार दिसू शकते. दोन-चार दिवसांत सवय होते का बघ. वर्गात फळा वाचताना त्रास झाला तर लगेच फोन कर, मी १.५० मध्ये करून देईन. जाड होईल, पण रंग कमी फाकतील. फ्रेमचे स्क्रू मी घट्ट केले आहेत, तू हात लावू नकोस.

तुझी,
आई