घंटागाडीत गेलेल्या साड्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात सकाळी घंटागाडी आली, तेव्हा शेजारच्या इमारतीतून एक गाठोडं आलं. गाडीवरच्या ताईंनी ते टाकायच्या आधी सोडून पाहिलं. आत सात-आठ साड्या निघाल्या. त्यातल्या तीन चांगल्या सुती होत्या, एकीचा फक्त पदर विरलेला. त्या तिन्ही मी मागून घेतल्या. बाकीच्या कचऱ्यात गेल्या, आणि दिवसभर माझ्या मनातून ते जाईना.

पूर्वी बोहारीण दारावर यायची. जुन्या कपड्यांवर पातेली, डबे द्यायची आणि एकेका साडीवरून घासाघीस चालायची. आता आमच्या भागात ती क्वचितच दिसते. त्याहून मोठा बदल म्हणजे घरातच कपड्याला जे दुसरं, तिसरं आयुष्य मिळायचं, ते बंद झालं.

माझ्या सासूबाई दर उन्हाळ्यात वाकळ शिवायच्या. वरून-खालून दोन नऊवारी लुगडी, मध्ये धोतरं, परकर, फाटके सदरे. सोप्यात सगळं पसरून, सुरकुती राहू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. मग शेजारच्या दोघी-तिघी यायच्या आणि कडेने धावदोरा घालत, फेऱ्या मारत मारत आत मध्यापर्यंत यायच्या. टाका वीतभर लांब पडला की सासूबाई उसवायला लावत. पांघरताना पायाचं बोट अडकलं की सगळी ओळ उसवते, हे त्यांचं कारण. वाकळ जुनी झाली की टाकत नसत. तिच्यावर नवं लुगडं चढवून पुन्हा शिवत. आमच्या घरी आजही एक वाकळ आहे, तिच्या पोटात तिच्याआधीच्या दोन वाकळा आहेत. घरात बाळ यायचं असलं की दुपटी आणि लंगोटसुद्धा जुन्या सुती साडीचेच. नव्या कापडाला खळ असते, ते अंगाला टोचतं. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सूत बाळाच्या कातडीला सोसतं.

आजच्या पुष्कळ साड्या पॉलिस्टरच्या असतात, त्यांची वाकळ होत नाही हे खरं. ती निसरडी होते आणि घाम टिपत नाही. पण त्यांच्या पिशव्या उत्तम होतात, आणि मला मुख्यतः पिशव्यांबद्दलच लिहायचं आहे.

आपल्या राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी बाजारातून येताना लोकांच्या हातात काय असतं? पातळ पिशव्या आहेतच. शिवाय दुकानदार 'कापडी' म्हणून देतात त्या रंगीत, जाळीदार दिसणाऱ्या पिशव्या. नॉन-वोव्हन म्हणतात ती ही पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. खात्री करायची तर तिचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. सूत कागदासारखं जळून राख होतं, हा तुकडा वितळून त्याची कडक गोळी होते. मी शाळेत होते तेव्हा हा प्रयोग मुलांना करून दाखवत असे. मुलं घरी जाऊन आईची पिशवी तपासायची.

एका पाचवारी साडीच्या सहा दुहेरी पिशव्या होतात. हिशेब असा: साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११० सेंटिमीटर रुंद असते. एका काठाच्या बाजूने २० सेंटिमीटरची लांब पट्टी कापून घ्यावी. उरलेल्या ९० सेंटिमीटर रुंदीत ४५ बाय ९० चे बारा तुकडे बसतात. दोन तुकडे एकावर एक ठेवून मधोमध दुमडले, दोन्ही बाजू शिवल्या आणि तोंडाला दुमड घातली की पिशवी तयार. त्या पट्टीचे ४५ सेंटिमीटरचे बारा तुकडे करून चौपदरी शिवले की सहा पिशव्यांचे बंद होतात. बंदात काठ आला पाहिजे, कारण साडीचं विणकाम तिथे सर्वांत घट्ट असतं. माझ्या अशा पिशवीतून चार-पाच किलो भाजी सहज येते. बंद लावताना चौकोनात फुली अशी शिलाई घालावी, नुसती आडवी शिलाई ओझ्याने सुटते. मशीन नसेल तर हाताने उलटटीप घालावी. वेळ लागतो, पण पिशवी तितकीच टिकते. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला मी प्लास्टिकच्या डब्यांऐवजी याच पिशव्या वाण म्हणून दिल्या. पुढच्या आठवड्यात दोघी जणी आपली जुनी साडी घेऊन शिकायला आल्या.

नगरपालिकेला माझी विनंती आहे की महिन्यातून एक दिवस घंटागाडीने फक्त जुने कपडे गोळा करावेत आणि ते वॉर्डातल्या महिला बचत गटांना द्यावेत. ओला-सुका वेगळा करण्याची सवय लोकांना लागली, तशी हीही लागेल. भाजी मंडईच्या तोंडाशी गटाच्या बायका पिशव्या घेऊन बसल्या, तर रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला निमित्त उरणार नाही.

आणि शाळांना सांगणं आहे: कार्यानुभवाच्या तासाला बाजारातून आणलेले थर्माकोल आणि चमकीचे कागद चिकटवण्यापेक्षा मुलामुलींना, दोघांनाही, बटण लावणं, उसवलेली शिवण घालणं आणि एक पिशवी शिवणं शिकवावं. सहावी-सातवीतलं मूल आठ-दहा तासांत हे नीट शिकतं. तीस वर्षं शिकवल्यावर मी हे खात्रीने सांगते.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वरचं माप आकृतीसह चौकटीत छापलंत, तर पुष्कळ बायका कात्रण काढून मशीनच्या खणात ठेवतील. आकृती मी काढून पाठवते, सोबत एक शिवलेली पिशवीही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड