भिंगाचा माग ट्रेवरच सुटतो

महोदय,

सूक्ष्म भिंगांच्या कारखान्यातली यंत्रे नेटवर्कला जोडली की अचूकता आपोआप येते, असा सूर हल्ली ऐकू येतो. घोडे अडते ते भिंगाच्या ओळखीपाशी. २ मिलिमीटर व्यासाच्या भिंगावर क्रमांक कोरायला जागाच नसते. ट्रेचा क्रमांक, ओळ आणि रकाना हीच त्याची ओळख. धुलाईनंतर ट्रे उलट्या दिशेने ठेवला गेला, की माप एका भिंगाचे आणि नोंद दुसऱ्याच्या नावावर. संगणकाला त्यात काहीच वावगे दिसत नाही! ट्रेचा एक कोपरा छाटून यंत्राच्या बैठकीवर त्या जागी खुंटी बसवली, तर तो उलटा बसतच नाही.

दुसरी गोष्ट घड्याळांची. साच्यातली काच भराभर थंड झाली तर तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, घटतो. पण साचायंत्राचे आणि मापनयंत्राचे घड्याळ दोन-चार मिनिटांनी वेगळे असेल, तर दोष कुठल्या फेरीतला हे कळणार कसे? मापासोबत खोलीचे तापमानही नोंदवायला हवे : यंत्रातले १०० मिलिमीटर लांबीचे पोलाद एका अंशाने तापले तरी सुमारे १.२ मायक्रोमीटर वाढते. आणि एकाच भिंगाच्या मापावरून साचा दुरुस्तीसाठी घासायला घेऊ नये. चार-पाच भिंगांची सरासरी घ्यावी, नाहीतर धुळीच्या कणापायी चांगला साचा बिघडतो.

— एक वाचक