त्या शून्याची आम्हाला धास्ती वाटते : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णालयाच्या मासिक अहवालात 'औषध देण्यातील चुका : 0' असे दिसले की वरिष्ठ निश्चिंत होतात. आम्हाला मात्र त्या शून्याची धास्ती वाटते. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांवरील 1996 च्या अभ्यासात ज्या वॉर्डांचे प्रमुख ऐकून घेणारे होते, तिथेच चुकांची नोंद जास्त आढळली. बाकी ठिकाणी कर्मचारी भीतीपोटी गप्प राहत.

ही भीती काय करते ते पाहा. केसपेपरवर इन्शुलिनच्या 10 या आकड्यापुढे 'युनिट' असे पूर्ण न लिहिता नुसते इंग्रजी यू अक्षर काढले, की घाईच्या अक्षरात ते शून्य वाटते आणि 10 चे 100 होतात. रात्रपाळीच्या सिस्टरला शंका येते. पण मागच्या वेळी फोन केला तेव्हा 'एवढेही वाचता येत नाही का?' असे ऐकावे लागलेले असते. ती फोन करत नाही. पहाटे रुग्णाची साखर कोसळते. चौकशी लागते ती सिस्टरची. ऑर्डर लिहिण्याची पद्धत तशीच राहते.

म्हणून घटनेची नोंद आणि शिस्तभंगाची कारवाई पूर्णपणे वेगळी करा. नोंदीचा फॉर्म एका पानाचा आणि बिननावी असावा. त्यावरून काय बदलले, हे वॉर्डाला पंधरा दिवसांत कळावे; उत्तरच येत नसेल तर लोक फॉर्म भरणे सोडून देतात. जाणूनबुजून इजा, नशेत काम, खोट्या नोंदी यांना अर्थातच हे संरक्षण नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या शस्त्रक्रिया तपासणी यादीत 19 मुद्दे आहेत. चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्यातला एक. वेळ वाया जातो म्हणून नेमका तोच गाळतात आणि नंतर एकटी सिस्टर सगळ्या खुणा करून टाकते. सुरुवातीला ज्याचा आवाज सर्वांनी ऐकलेला असतो, त्याला शेवटी, रक्त टिपायची कापडे (मॉप) मोजताना, 'सर, एक मॉप कमी आहे' असे म्हणणे सोपे जाते. त्यासाठीच तो मुद्दा आहे.

शंका एकदा बोलून दखल घेतली नाही, तर दुसऱ्यांदा स्पष्ट शब्दांत सांगायची. तरीही ऐकले नाही, तर काम थांबवून वरिष्ठांना बोलवायचे. वॉर्डबॉयपासून भूलतज्ज्ञापर्यंत सर्वांना हा हक्क लेखी द्या. शंका चुकीची निघाली तरी थांबवणाऱ्याला मेमो मिळणार नाही, हे वाक्य आपल्या सहीच्या परिपत्रकात याच शब्दांत यावे.

आपले विश्वासू,
रुग्णसुरक्षेचे काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका