डिकीची बिजागरी आणि आईची डोकेदुखी

पुणे,
१६ नोव्हेंबर

ती. बाबा व ती. आई यांना सा. न. वि. वि.

गाडीच्या डिकीचे काम काल संध्याकाळी पुरे झाले. फोनवर मी फक्त "झालं, ठीक आहे" एवढेच म्हणाले, कारण मागे ग्राइंडर चालू होता आणि बाबांना जेवढे खोलात जाऊन ऐकायचे असते तेवढे त्या गोंगाटात सांगणे शक्य नव्हते. शिवाय त्यातली एक गोष्ट आईच्या बाजूची आहे, ती लिहूनच कळवावी असे वाटले.

दिवाळीत मी आले तेव्हा डिकीचे झाकण डावीकडे कललेले होते आणि बाबांनी ते काथ्याच्या दोरीने बंपरखालच्या हुकाला बांधून टाकले होते. बिजागरी मोडली, असेच आपण सगळे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात बिजागरी धडधाकट निघाली. बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली ती जाड पट्टी ज्या ब्रॅकेटवर फिरते, ते ब्रॅकेट मागच्या काचेखालच्या पत्र्याला वेल्डिंगने जोडलेले असते, आणि तो पत्राच कुजून फाटला होता. मिस्त्रींनी पार्सल ट्रे काढून मला आत बॅटरीच्या उजेडात दाखवले. वरून रंग शाबूत, पण स्क्रू ड्रायव्हरचे टोक नुसते टेकवले तरी ते भिजलेल्या खारीत शिरावे तसे आत गेले. दोन वर्षांपूर्वी आपण तिकडे जे काम करून घेतले होते, त्यात गंज न काढताच वर पत्र्याची पट्टी रिबेटने ठोकून रंग मारलेला होता, त्यामुळे खालचा गंज झाकला गेला आणि निवांत वाढत राहिला.

पाणी कुठून येत होते तेही सापडले. डिकीभोवतीचे रबरी बीडिंग उन्हाने कडक होऊन आक्रसले आहे आणि त्याच्या बाहेरच्या पन्हळीत आंब्याची पाने कुजून बसली होती, त्यामुळे पावसाचे पाणी वाहून न जाता आतल्या पत्र्यावर उतरत असे. त्यात आपल्याकडची खारी हवा! गाडी रोज अंगणात आंब्याखाली उभी असते याचे मला लहानपणापासून कौतुक होते, आता तेवढे राहिलेले नाही.

आपल्या मारुती एस्टीमचे उत्पादन २००७ मध्येच थांबल्यामुळे नवे ब्रॅकेट मिळणे कठीणच होते. मिस्त्रींनी भंगारात निघालेल्या एका एस्टीमचा तेवढा भाग पत्र्यासकट कापून आणवला. ती गाडी जन्मभर देशावर फिरलेली होती, त्यामुळे पत्रा अगदी कोरडा, खणखणीत निघाला. आपली गाडी कोकणातली आहे म्हणून आत्तापर्यंत हसणाऱ्या तुमच्या जावयांना हे ऐकून फार बरे वाटले, ते असो.

बाबा, आता काम कसे झाले ते सांगते, कारण तुम्ही डिकी उघडल्या उघडल्या आत डोकावणारच. दोन्ही बिजागऱ्यांच्या मध्ये पोलादी सळ्या आडव्या बसवलेल्या असतात, त्यांना टॉर्शन रॉड म्हणतात. त्या पिळलेल्या अवस्थेत बसवतात आणि त्यांच्या पिळाच्या ताकदीवरच एवढे जड झाकण आपोआप वर उचलले जाते. हा ताण झाकण बंद असतानाच सर्वांत जास्त असतो. म्हणजे तुम्ही दोरीने झाकण खाली आवळून धरत होता आणि सळ्या रात्रंदिवस त्या कुजक्या पत्र्याला वर उचकटत होत्या. मिस्त्रींनी आधी झाकणाला लाकडी टेकू दिला आणि मगच पाइपचा लांब तुकडा अडकवून एकेक सळी सावकाश सोडवली. तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बाजूला उभे केले होते, कारण अशी सळी हातातून निसटली तर बोटे मोडते. तुम्ही पक्कड घेऊन हे घरी करून पाहणार होता, हे मला आईने सांगितले आहे.

वेल्डिंगपूर्वी त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मागची सीट आणि आतले अस्तर बाहेर काढले, आणि पेट्रोलची टाकी जवळच असल्यामुळे ओली पोती अंथरून बादलीभर वाळू शेजारी ठेवली. चांगला पत्रा लागेपर्यंत कुजका भाग कापला, नवा तुकडा बसवून जोड भरला, त्यावर प्रायमर, सीलर आणि शेवटी रंग दिला. आतल्या पोकळीत, जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे, गंजरोधक मेण फवारले. मला त्यांची एक युक्ती फार आवडली. झाकण बसवल्यावर त्यांनी वर्तमानपत्राची पट्टी बीडिंगवर ठेवून झाकण लावले आणि पट्टी ओढून पाहिली. चारही बाजूंनी ती घट्ट धरली जाईपर्यंत बोल्ट सैल करून झाकण दोराभर इकडे, दोराभर तिकडे सरकवत राहिले. डावा कोपरा सहाव्या वेळी जमला. बीडिंग अर्थातच नवे घातले आहे.

आता आईची गोष्ट. आई, गेले वर्षभर चिपळूणला जाऊन आलीस की तुझे डोके दुखायचे आणि गाडीत धुराचा वास येतो असे तू म्हणायचीस. बाबा म्हणायचे, तुला गाडी लागते. मीही बाबांच्याच बाजूने बोलले होते. गाडी चालत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथेच घुटमळतो. डिकीला फट असेल तर तो आत ओढला जातो आणि मागच्या सीटआडून माणसांपर्यंत पोहोचतो. तू नेहमी मागेच बसतेस. धुराला निदान वास असतो, पण त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, आणि त्याचे पहिले लक्षण डोकेदुखीच असते. दिवाळीनंतर कुंभार्ली घाट चढताना माझेही डोके ठणकायला लागले, तेव्हा पाटणला चहाला थांबल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढचा रस्ता मी दर थोड्या वेळाने थांबत, दारे उघडून हवा घेत कापला. तुझे म्हणणे मी हसण्यावारी नेले याबद्दल मला क्षमा कर. डोकेदुखी यापुढेही राहिली तर डॉक्टरांना हे सगळे सांग, नुसत्या गोळ्या घेऊ नकोस.

बाबा, झाकण पुन्हा कधी नीट लागेनासे झाले तर गाडी जागची हलवू नका, दोरीने बांधून तर नाहीच. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पन्हळीतली पाने काढा आणि तांदळाचे पोते उतरवताना झाकणाला धरून जोर देऊ नका. एकंदर खर्च सहा हजार चारशे रुपये झाला. तो तुम्ही पाठवायचा नाही, याबद्दल पत्रोपत्री वाद नको.

पुढच्या शनिवारी मी गाडी घेऊन येते. फाटलेला जुना पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून स्टेपनीशेजारी ठेवला आहे, कारण तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाबांचा विश्वास बसणार नाही. काथ्याची दोरी मात्र इथे गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधली आहे, तेव्हा ती डिकीत शोधू नका.

तुमची लेक