बूस्ट वाढवायला नकार देणाऱ्या वस्तादांना

वस्ताद, सा. न.

तुमच्यासमोर आभार मानायला गेलो तर तुम्ही हातातला पाना न थांबवता 'बरं बरं' म्हणाल आणि विषय संपवाल. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

पहिलं इंजिन ट्रॅकवर एका लांबलचक डाव्या वळणात निकामी झालं, तेव्हा दोष नशिबाला देऊन मी मोकळा झालो होतो. दुसरं बसवून तुमच्याकडे आलो ते थेट बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो दाब, वाढवून मागायला. तुम्ही एवढंच विचारलंत, "त्या वळणात ऑइल प्रेशर किती असतं?" मला सांगता येईना. डॅशबोर्डवरचा लाल दिवा कधी लागला नव्हता, एवढंच मला ठाऊक. बहुतेक गाड्यांत तो दिवा प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास आल्यावर लागतो, म्हणजे बेअरिंगचं व्हायचं ते होऊन गेल्यावर, हे मला त्या दिवशी कळलं.

मग तुम्ही जुन्या इंजिनाचा ऑइल फिल्टर मागितलात. तो कापून आतला घडीचा कागद पिळलात, उलगडून उन्हात धरलात. तांबूस चमकी, अगदी जरीसारखी. चुंबक फिरवलंत, एक कण चिकटला नाही. "लोखंड नाही, बेअरिंग आहे," म्हणालात. ते बघून पोटात गोळा आला, कारण नव्या इंजिनाचंही मी तेच करणार होतो.

मीटर आणि त्याचे आकडे नोंदवणारा लॉगर बसवल्यावर लॉगमध्ये सगळं दिसलं. सरळ रस्त्यावर ४ बारच्या वर असलेलं प्रेशर त्या वळणात सेकंदभर दीडवर यायचं. ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, एका बाजूला जमा, ते खेचणारी पिकअप नळी हवा ओढतेय आणि इंजिन ६ हजार आरपीएमला. ऑइल एका बाजूला पळू न देणारे बॅफल (आडपडदे) घातलेला संप बसला, ऑइलची पातळी वरच्या खुणेला ठेवायची शिस्त लागली आणि लॉगमधला तो खड्डा बुजला.

उष्णतेचं प्रकरण मात्र लांबलं. तिसऱ्या लॅपला ऑइल १४० अंशांवर जायचं. एवढं तापलं की ते पातळ होतं आणि बेअरिंगमधला थर टिकत नाही. मला वाटलं, मोठा कूलर लावला की झालं. कूलर तुम्ही लावलात, तोही थर्मोस्टॅटसकट, नाहीतर थंड ऑइलवरच गाडी पळत राहते. पण खरी दुपार गेली ती फोम आणि पत्र्याच्या पट्ट्यांत. रेडिएटर आणि बंपरमधली प्रत्येक फट तुम्ही बुजवलीत. "हवा आळशी असते, फट दिसली की कूलरमधून कशाला जाईल?" त्या पट्ट्यांना मी मनातल्या मनात हसलो होतो. पुढच्या ट्रॅक डेला ऑइल १२० च्या खाली राहिलं आणि टर्बोची गरम हवा निववणाऱ्या इंटरकूलरनंतरची हवाही चांगलीच थंड झाली.

नॉकवर मी तुमच्याशी वादच घातला. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, दोन अंश मागे, स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा), वर बूस्ट आधीपेक्षाही कमी! गरम हवेत जास्त बूस्ट दिला की हवा-इंधनाचं मिश्रण अवेळी पेटतं, हाच नॉक, पिस्टनच्या रिंगांमधली धार तुटते, हे तुम्ही तुटका पिस्टन हातात देऊन दाखवलंत. ऑइलची वाफ इनटेकमध्ये, हवा आत घेण्याच्या वाटेत, गेली तरी नॉक वाढतो, म्हणून ती अडवणारा कॅच कॅनही बसवलात. ताकद मोजणाऱ्या डायनोवर आकडा घटला तेव्हा माझं तोंड उतरलं होतं, कबूल करतो. पण आता माझी दहावी लॅप दुसरीच्या वेळेत येते. पूर्वी पाचवीपासून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतःच टायमिंग मागे घ्यायचा, गाडी मरगळायची आणि मी टायरला शिव्या द्यायचो.

आणि तो चावीवरचा हात! सेशन संपवून मी पिटमध्ये आलो, इंजिन बंद करणार, तोच खिडकीतून हात घालून तुम्ही माझं मनगट धरलंत. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा टर्बो अजून धगधगतोय, ऑइल थांबलं की तिथेच करपून त्याचा कोळसा होणार. आता शेवटची लॅप बूस्ट न देता, निवांत मारतो.

एक मात्र पटत नाही. दर दोन ट्रॅक डेला ऑइल बदलणं जरा अतिच होतं. तरी बदलतो, कारण तुम्ही विचारणार.

गेल्या आठवड्यात फिल्टर मी स्वतः कापला. कागद पिळून उन्हात धरला, तुमच्यासारखाच. चमकी दिसली नाही. कागद पिशवीत घालून ठेवलाय, येताना आणतो. माझ्या डोळ्यांवर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, हे माहीत आहे.

तुमचा,
बूस्टसाठी अजूनही अधूनमधून कुरकुरणारा