पुतळा सुश्रुतांचा, कपाळ पुण्याचं

मा. संपादक,

कालच्या अंकात मेलबर्नच्या सर्जन लोकांच्या कॉलेजातल्या सुश्रुतांच्या पुतळ्यावर अर्धं पान लेख आलाय. छान आहे, फोटोही छान. पण सुश्रुतांनी कपाळाची कातडी काढून नाक केलं हे कुठून आणलंत? त्यांच्या वैद्यकाच्या ग्रंथात, सुश्रुतसंहितेत, गालाची कातडी सांगितलीय, झाडाचं पान नाकाच्या मापाचं कापून घ्यायचं वगैरे. कपाळवालं ऑपरेशन जगाला कळलं ते आपल्या पुण्याजवळचं! कावसजी नावाचा इंग्रज फौजेतला मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला, त्याचं नाक आणि एक हात कापला, पुढे वर्षभराने एका वीट पाडणाऱ्याने मेणाचा साचा कपाळावर पसरून, त्या मापाची कातडी सोडवून खाली वळवली आणि कात लावलेल्या पट्ट्यांनी नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टर बघत होते. १७९४ ला लंडनच्या मासिकात चित्रासकट छापून आलं, ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ ला तिकडे तेच केलं. पुण्याच्या पेपरात पुणंच गायब, कमाल आहे.

मी गेल्या वर्षी एका सरकारी ऑफिसात अर्ज घेऊन गेलो होतो, की बाबा या वीट पाडणाऱ्याच्या नावाने निदान एक पाटी तरी लावा. साहेबांनी विचारलं नाव काय, म्हटलं नाव कोणी लिहूनच ठेवलं नाही, फक्त जात लिहिलीय. मग म्हणे फोटो आहे का? १७९४ चा फोटो!! वर म्हणे चेहरा माहीत नसेल तर पुतळा कसा करणार, आणि मी पुतळा मागितलाच नव्हता हो, पाटी मागितली होती. बरं, सुश्रुतांचा पासपोर्ट साईज फोटो कोणाकडे होता ते तरी सांगा, त्यांना दाढी, जटा सगळं मिळालं. आमच्या वीटवाल्याला ऋषी म्हणता येत नाही एवढीच अडचण दिसतेय. अर्जावर आवक नंबर पडला, पुढे काही नाही. चौकशीला गेलो तर साहेबांची बदली झालेली आणि नवीन साहेब मीटिंगमध्ये.

लेखकमहाशयांबद्दल राग नाही, अभ्यासू दिसतात. दुरुस्ती मात्र छापा, आणि ती छोट्या जाहिरातींच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात नको. तसंही हल्ली तुमचा टाईप इतका बारीक केलाय की शब्दकोडं सोडवायला भिंग लागतं, त्याबद्दल पाठवलेल्या मेलला अजून उत्तर नाही.

– एक जुना वाचक, पुणे