चिनूच्या इंजेक्शनबद्दल

नेरूळ, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की समोरच्या ब्लॉकमधले काका आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन वजनाने एवढे उतरले, मग चिनूला का नाही देत? तो शेजारीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. त्याच्यासमोर हे बोलायचं नव्हतं, म्हणून पत्र.

एक तर तो आठ वर्षांचा आहे. अमेरिकेतसुद्धा सेमाग्लुटाइड, म्हणजे आठवड्याला एकदा घ्यायचं ते वजन उतरवणारं औषध, बारा वर्षांपुढच्या मुलांनाच देतात, तेही २०२२ च्या डिसेंबरपासून. त्या मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सव्वा वर्षात सरासरी १६ टक्क्यांनी घटला. पण सरासरीच ती. कुणाचा खूप घटला, कुणाचा जेमतेम. ह्या फरकामागे जनुकांचाही हात असू शकतो, असं डॉक्टर म्हणाल्या. म्हणून त्यांना औषधाआधी चिनूच्या भुकेचं कारण शोधायचंय.

आई, तुला आठवत असेल, अंगावर पीत होता तेव्हापासून ह्याचं पोट म्हणून भरत नसे. पोट भरल्याची वर्दी मेंदूला चरबीतून निघणारं लेप्टिन देतं. दारावरच्या बेलसारखं धर. बेल दाबणारंच कोणी नसेल तर एक उपाय, बेलची वायर तुटली असेल तर दुसरा.

इंग्लंडमध्ये नऊ वर्षांची एक मुलगी होती, वजन ९४ किलो. तिच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि वर्षभरात १६ किलो उतरले, खाण्यासाठीची तडफड थांबली. हे १९९९ साली छापून आलं. मी ते वाचलं आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. त्या पोरीलाही सगळे हावरटच म्हणत असतील ना?

पण लेप्टिन भरपूर असूनही मेंदूतला त्याचा रिसेप्टर, म्हणजे ती वर्दी घेणारा भाग, बिघडलेला असेल, तर हेच इंजेक्शन वाया. तिथे सेटमेलानोटाइड नावाचं औषध आहे, ते त्याच वाटेवरच्या पुढच्या, एमसी४आर नावाच्या रिसेप्टरला थेट जागं करतं. त्याच्या चाचणीत लेप्टिनची वर्दी पुढे नेणाऱ्या पीओएमसी जनुकाचा दोष असलेल्या १० जणांपैकी ८ जणांचं वजन वर्षभरात निदान १० टक्के उतरलं. लेप्टिनच्या रिसेप्टरचा दोष असलेल्या ११ पैकी ५ जणांचं. औषध तेच, जनुक वेगळं. आणि एमसी४आरच बिघडला असेल, तर ह्या औषधाचा तितका भरवसा नाही.

बहुतेक जाड मुलांमध्ये असं एखादंच जनुक बिघडलेलं नसतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. चिनूच्या तपासणीत काहीच सापडणार नाही, असंही होऊ शकतं. तरी इतक्या लहानपणापासूनची भूक पाहता रक्त पाठवायलाच हवं, असं त्या म्हणाल्या. मलाही ते पटलं.

आता तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, घराण्यात लहानपणापासून जाड कोण होतं, आणि मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न कोणाकोणाचं झालं? ह्यातले काही दोष आई आणि बाप दोघांकडूनही आले तरच मुलात दिसतात, म्हणून नात्यातल्या लग्नांबद्दल डॉक्टर विचारतात. ह्यात ना आपल्या घराला बोल आहे ना सासरला. बाबा, तुमच्या जुन्या वहीत वंशावळ आहे, तिचा फोटो पाठवा. आई, तू तुझ्या माहेरचं सांग. बुधवारी डॉक्टरांकडे जायचंय, त्याआधी कळवा.

दुसरी गोष्ट मी हात जोडून मागते. शनिवारी आम्ही नौपाड्याला येऊ. जेवताना त्याला आधाशी म्हणू नका, आणि दादाच्या सोहमशी तुलना नको. तिसरी पोळी मागितली तर द्यायची की नाही, ते मी बघेन. तुम्ही त्याला जेवण झाल्यावर तलावपाळीवर फिरायला न्या. आजोबांबरोबर चालायला तो एका पायावर तयार असतो.

तुमची,
मनू